तार एकाची, वीज दुसऱ्याची

मुंबईत तुम्हाला वीज कोण देते, हे बहुतेक ठिकाणी तुमच्या पत्त्यावरूनच कळते. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या शहर भागात ‘बेस्ट’चे बिल येते. भांडुप आणि मुलुंड महापालिकेच्या हद्दीत असूनही तिथे महावितरण आहे. उरलेल्या उपनगरांत, म्हणजे वांद्र्यापासून भाईंदरपर्यंत आणि पूर्वेला चुनाभट्टीपासून विक्रोळी-मानखुर्दच्या बाजूला, मात्र पत्त्यावरून काहीच सांगता येत नाही. तिथे एकाच मजल्यावरच्या समोरासमोरच्या दोन दारांपैकी एका दाराला अदानीचे बिल येते आणि दुसऱ्याला टाटा पॉवरचे. आमच्या गोरेगावच्या इमारतीत तर वरच्या घरी एक कंपनी, खालच्या घरी दुसरी, आणि जिन्यातल्या दिव्यांना कोणती, हे वार्षिक सर्वसाधारण सभेत हात वर करून ठरलेले, असा प्रकार आहे. ही सगळी वीज रस्त्याच्या कडेच्या एकाच फीडर पिलरमधून, म्हणजे केबली फुटणाऱ्या लोखंडी पेटीतून, एकाच केबलने आत येते.

बाहेरगावच्या पाहुण्यांना हे सांगितले की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. केबल एकच, तर तुमच्या पंख्याला टाटाची वीज आणि समोरच्यांच्या पंख्याला अदानीची, हे कळते कोणाला? मी सोसायटीचा खजिनदार असल्यामुळे आणि नोकरीतला बराच काळ हिशेब तपासण्यात गेल्यामुळे या प्रश्नाकडे जरा निराळ्या नजरेने पाहतो. पंख्याला ते अजिबात कळत नाही. तारेलाही कळत नाही. ते फक्त खतावणीला कळते.

तारेतून जे वाहते त्याच्यावर कोणाचा शिक्का मारता येत नाही. आपल्याकडची वीज प्रत्यावर्ती, म्हणजे सेकंदाला पन्नास वेळा उलटसुलट होणारी. तारेतले इलेक्ट्रॉन तुर्भ्याच्या (ट्रॉम्बेच्या) केंद्रातून निघून गोरेगावला पोचतात असे घडतच नाही. ते जागच्या जागी थरथरत राहतात आणि पुढे सरकते ती ऊर्जा. ती ऊर्जाही करार पाहून वाट निवडत नाही. ज्या वाहिनीत अडथळा कमी तिच्यातून जास्त आणि ज्या वाहिनीत जास्त तिच्यातून कमी, इतकाच तिचा नियम आहे. त्यामुळे भिरा, भिवपुरी आणि खोपोलीच्या टाटांच्या जलविद्युत केंद्रांतून निघालेली वीज प्रत्यक्षात अदानीच्या ग्राहकाच्या फ्रिजमध्ये खर्च होत असेल, डहाणूच्या अदानीच्या केंद्रातली टाटाच्या ग्राहकाकडे जात असेल आणि कोयनेची दोघांकडेही येत असेल. कोणालाही ते सिद्ध करता येणार नाही आणि सिद्ध करण्याची गरजही नाही.

गावच्या दूध संकलन केंद्रावर सकाळी उभे राहिले असेल त्याला हे चटकन उमगेल. प्रत्येकाच्या कॅनमधले दूध मोजून, फॅट पाहून एकाच टाकीत ओतले जाते. टाकीतून भरलेल्या पिशवीत कोणाच्या म्हशीचे दूध आहे, हे कोणी विचारत नाही. किती घातले आणि किती नेले, एवढ्या दोन नोंदी पक्क्या असल्या की व्यवहार चोख होतो. विजेच्या बाबतीत एकच गोष्ट या दाखल्यात बसत नाही, पण ती फार मोठी आहे. या टाकीत साठा करता येत नाही. जेवढे ओतले तेवढेच त्याच क्षणी काढावे लागते. मागणी वाढली आणि निर्मिती तेवढी वाढली नाही, तर वारंवारता, म्हणजे वीज सेकंदाला जितक्या वेळा उलटसुलट होते तो आकडा, ५० हर्ट्झच्या खाली घसरते. उलट झाले तर ती वर चढते. ती फार हलली तर यंत्रे स्वतःला वाचवण्यासाठी जाळ्यातून बाहेर पडतात आणि मग एकाच्या मागे दुसरे असे सगळेच बंद पडू लागते.

हे सांभाळण्याचे काम दोन स्पर्धक कंपन्यांपैकी कोणाच्याच हातात नाही. ते ऐरोलीच्या राज्य भार प्रेषण केंद्राकडे आहे. दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ तुकडे केलेले असतात. त्यातल्या प्रत्येक तुकड्यात आपले ग्राहक किती वीज ओढतील आणि ती आपण कोणत्या केंद्रातून आणू, हे प्रत्येक वितरण कंपनीला आदल्या दिवशीच कळवावे लागते. ऐन वेळी टाटाच्या ग्राहकांनी सांगितल्यापेक्षा जास्त वीज ओढली, तर त्यांचे दिवे मंद होत नाहीत. ती जादा वीज जाळ्यातून येतेच, म्हणजे दुसऱ्या कोणाच्या तरी यंत्रातून येते, आणि नंतर हिशेबात तिची किंमत चुकती करावी लागते. महाराष्ट्रात २०११ पासून अनेक वर्षे यासाठी आपापसातल्या तडजोडीची एक खास पद्धत चालू होती. आता देशभरातल्या पद्धतीशी जुळणारी विचलन-आकारणी, म्हणजे कळवल्यापेक्षा कमी-जास्त झालेल्या विजेची आकारणी आहे. जुन्या धाटणीचा, स्मार्ट नसलेला घरगुती मीटर काही दर पंधरा मिनिटांनी वाचला जात नाही. तो महिन्यातून एकदा वाचला जातो. म्हणजे पंधरा मिनिटांच्या त्या चोख हिशेबात आमच्या घरांचा वाटा बराचसा अंदाजाने बसवलेला असतो. तारेतल्या गळतीचेही असेच असते. माझ्या मीटरवर शंभर युनिट फिरले, तर माझ्या पुरवठादाराला शंभराहून जास्त युनिट आणावे लागतात, कारण वाटेत काही वीज उष्णतेच्या रूपाने जाते. ती नेमकी कोणाची गेली हे तारेला विचारून उपयोग नसतो. दर ठरवणाऱ्या वीज नियामक आयोगाने ठरवलेल्या टक्केवारीप्रमाणे ती सगळ्यांवर चढवली जाते.

जाळे एकच असते म्हणजे काय, हे १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी मुंबईला कळले. पडघा, कळवा आणि खारघरच्या परिसरातल्या ४०० केव्हीच्या, म्हणजे चार लाख व्होल्टच्या वाहिन्या एकामागोमाग एक बंद पडल्या. बाहेर काही बिघडले तर मुंबईने उर्वरित जाळ्यापासून तुटून स्वतःच्या केंद्रांवर चालू राहावे, अशी १९८० च्या दशकापासून तयार असलेली योजना त्या दिवशी टिकली नाही. दहाच्या सुमारास लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या. ‘बेस्ट’चा, टाटाचा आणि अदानीचा ग्राहक एकाच वेळी अंधारात गेला. दरपत्रके तीन होती, पण संकट एकच होते. आता तर हे जाळे देशभर एक आहे. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची वाहिनी जोडली गेली आणि दक्षिणेचे जाळे उरलेल्या भारताशी एकाच वारंवारतेवर आले. सोलापूरकरांनी याचा मोठेपणा मिरवल्याचे माझ्या कानावर आलेले नाही. मिरवायला हरकत नव्हती.

तारेच्या बाबतीत स्पर्धा शक्यच नसते, तर मग मुंबईत ही दोन बिले आली कुठून? त्यासाठी थोडे मागे जावे लागते. टाटांनी सह्याद्रीच्या पावसाचे पाणी लोणावळ्याजवळच्या तलावांत अडवले आणि १९१५ मध्ये खोपोलीहून मुंबईला वीज आणली, ती प्रामुख्याने कापडगिरण्यांसाठी. नंतर भिवपुरी आणि भिरा ही केंद्रे आली. भिऱ्यासाठी मुळा नदीवर जे धरण झाले, त्याच्या विरोधात मावळातल्या शेतकऱ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशीचा सत्याग्रह केला. विजेच्या इतिहासात तो अनेकदा एका ओळीत उरकला जातो, म्हणून इथे मुद्दाम त्याची नोंद करतो. टाटा घाऊक विक्रेते होते. शहरात घरोघरी वीज पोचवण्याचे काम १९०५ पासून ‘बेस्ट’ करत होती. उपनगरांसाठी १९२९ मध्ये बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय स्थापन झाली, जुने मुंबईकर तिला अजूनही बीएसईएस म्हणतात. दोघीही टाटांकडून वीज विकत घेऊन आपापल्या तारांनी घरात पोचवत. बीएसईएसने नव्वदच्या दशकात डहाणूला स्वतःचे ५०० मेगावॉटचे केंद्र उभारले, पण घाऊक आणि किरकोळ ही वाटणी मोडली नाही. पुढे बीएसईएस रिलायन्सकडे गेली आणि २०१८ मध्ये तोच व्यवसाय अदानींकडे आला. कंपनीची पाटी दोनदा बदलली, फुटपाथखालच्या केबली त्याच राहिल्या.

२००३ चा वीज कायदा आल्यावर टाटांनी किरकोळ ग्राहकांनाही वीज विकायचे ठरवले आणि रिलायन्सने हरकत घेतली. टाटांचे परवाने घाऊक विक्रीपुरतेच आहेत, असे तिचे म्हणणे होते. वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. तिथे जी कागदपत्रे उलगडली गेली, त्यांत १९०७, १९१९, १९२१ आणि १९५३ सालचे परवाने होते. त्यांतला एक मुळशीच्या, म्हणजे निळा-मुळा खोऱ्याच्या योजनेचा होता. बहुतांशी इंग्रजी अमदानीत दिलेल्या परवान्यांतल्या वाक्यांचा अर्थ लावून, मालाड-कांदिवलीच्या वन रूम किचनला कोणी वीज विकावी हे ८ जुलै २००८ रोजी ठरले. टाटांना किरकोळ विक्रीचा अधिकार आहे, असा निकाल लागला.

पण अधिकार मिळाला म्हणून तारा मिळत नाहीत. कायद्यात एकाच क्षेत्रासाठी दोन परवाने देण्याची मुभा आहे, ती दुसऱ्याने स्वतःची वितरण यंत्रणा उभारावी या अटीवर. म्हणजे टाटांनी सगळी उपनगरे पुन्हा एकदा खणायची, ट्रान्सफॉर्मरसाठी जागा मिळवायची आणि जिथे आधीच केबल आहे तिथे शेजारी दुसरी केबल टाकायची. मुंबईच्या रस्त्यांवर पावसाळा सोडून वर्षभर जे खोदकाम चालते ते पाहिलेला माणूस या कल्पनेने हबकतो. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने १५ ऑक्टोबर २००९ च्या आदेशाने यातून मधला मार्ग काढला. ग्राहकाने पुरवठादार बदलावा, पण वीज रिलायन्सच्याच तारांतून यावी आणि त्या वापराचे भाडे रिलायन्सला मिळावे. याला चेंजओव्हर म्हणतात. जिथे टाटांची स्वतःची केबल पोचली आहे तिथे ग्राहक तारेसकट बदलतो, त्याला स्विचओव्हर म्हणतात. हे दोन शब्द एकमेकांत मिसळले की पुढचे काहीच कळत नाही.

आमच्या घराचे चेंजओव्हर झाले तेव्हा मी मीटर रूममध्ये उभा होतो. जिन्याखालची ती खोली कुठल्याही इमारतीतल्यासारखीच होती. लोखंडी पत्र्याचे दार, लाकडी फळीवर ओळीने लावलेले मीटर, प्रत्येकाच्या खाली खडूने लिहिलेला घरक्रमांक, कोपऱ्यात उंदरांनी कुरतडलेला जुना पुठ्ठा. जमिनीतून वर आलेली जाडजूड सर्व्हिस केबल आधी मोठ्या कट-आउटमध्ये, म्हणजे फ्यूजच्या पेटीत, तिथून बसबारवर, म्हणजे सगळ्यांच्या सामायिक धातूच्या पट्ट्यांवर, आणि बसबारवरून एकेका मीटरला. फिटरने आमच्या मीटरचे शेवटचे रीडिंग लिहून घेतले, सील तोडले, चार स्क्रू सैल केले, जुना मीटर उतरवून दुसऱ्या कंपनीचा चढवला, त्याच वायरी त्याच्यात घट्ट केल्या आणि नवे सील दाबले. वर स्वयंपाकघरात मिक्सर थांबला तेवढाच काय तो फरक घरात जाणवला. बसबारला हात लागला नाही आणि केबल होती तीच राहिली. नव्या कंपनीचे माझ्या इमारतीत जे काही आले, ते तळहाताएवढ्या सीलबंद डब्यात मावले.

त्यानंतर कधीही रात्री वीज गेली की तक्रार कुठेही नोंदवली तरी शिडी घेऊन येणारा माणूस तारेच्या मालकाचाच असे. केबल त्याची, सबस्टेशन त्याचे, तेव्हा दुरुस्तीही त्याचीच. आमच्या मजल्यावरच्या एका आजोबांना हे कधीच पटले नाही. ‘आपण ज्यांना पैसे देतो त्यांचा माणूस का येत नाही,’ असे ते त्या लाइनमनलाच विचारत. तो बिचारा काय सांगणार? तारेचे पैसे आजोबाही देतच होते. बिलावर ‘वहन आकार’ नावाची जी ओळ असते ती त्या तारेचीच. बिल नवी कंपनी छापत होती आणि ती ओळ जुन्या कंपनीच्या खात्यात जात होती.

इथून पुढे खरे भांडण सुरू होते आणि ते विजेचे नाही. प्रत्येक वितरण कंपनीच्या दरात एक आतला व्यवहार दडलेला असतो. मोठी दुकाने, कार्यालये आणि महिन्याला भरपूर युनिट वापरणारी घरे यांच्याकडून खर्चापेक्षा जास्त घेतले जाते आणि थोडी वीज वापरणाऱ्या घरांकडून खर्चापेक्षा कमी. याला क्रॉस सबसिडी म्हणतात. एकच दुकान असते तोवर हे जमते, कारण जास्त देणाऱ्याला जायला दुसरी जागा नसते. शेजारी दुसरे दुकान उघडले की आधी कोण उठतो? ज्याचे बिल मोठे आहे तो. त्याला बचत जास्त आणि त्याच्याकडे अर्ज भरायला माणूसही असतो. तो गेला की जुन्या कंपनीकडे कमी देणारे उरतात, सरासरी दर वाढवावा लागतो आणि दर वाढला की आणखी काही जण निघतात. मुंबईत २००९ नंतर हेच झाले. टाटा मलई खाऊन जातात, अशी रिलायन्सची तक्रार होती. ग्राहक स्वतःहून येतात, आम्ही बोलावत नाही, असे टाटांचे उत्तर होते. मला दोघांचेही म्हणणे खरे वाटते आणि त्यामुळेच हा प्रश्न कोणाला तरी खोटे ठरवून सुटत नाही.

आयोगाने मग हिशेबात दुरुस्त्या सुरू केल्या. २०११ मध्ये बदललेल्या ग्राहकांवर क्रॉस सबसिडीचा अधिभार बसला, म्हणजे तुम्ही जुने दुकान सोडले तरी तिथल्या गरीब गिऱ्हाइकाचा तुमच्यावरचा भार तुमच्यामागे येईल. ऑगस्ट २०१२ मध्ये तर जुन्या तारांवरून नवे ग्राहक घेताना महिना ३०० युनिटपर्यंतची घरेच घ्यावीत, अशी मर्यादा टाटांवर काही काळ घातली गेली. ती पुढे अपिलात टिकली नाही. जुन्या वसुलीचाही प्रश्न होता. २००९ मध्ये रिलायन्सची दरवाढ जनक्षोभामुळे स्थगित झाली होती. विधानसभा निवडणुकीचे वर्ष होते, हे वेगळे सांगायला नको. स्थगित म्हणजे माफ नव्हे. न घेतलेले पैसे वहीत ‘रेग्युलेटरी अॅसेट’ नावाने साचत गेले आणि व्याजासह नंतर वसूल होऊ लागले, जे कंपनी बदलून गेले होते त्यांच्याकडूनही. पहिल्या दिवशी घसघशीत दिसणारी माझी बचत अशी ओळीओळीने बारीक होत गेली. बिल दरवर्षी आडवे कमी आणि उभे जास्त वाढत होते.

याबद्दल माझी तक्रार नाही. हिशेबनीस म्हणून मला ते रास्तच वाटते. जी तार मी वापरतो, जी गरीब घरे त्या तारेवर आहेत आणि जी दरवाढ माझ्यासाठीही पुढे ढकलली गेली, त्यांचा माझ्या वाट्याचा खर्च मीटर बदलल्याने नाहीसा कसा होईल? माझी बचत त्यातूनही जी उरली ती नव्या कंपनीने वीज स्वस्तात मिळवली म्हणून उरली, आणि स्पर्धेची खरी कमाई तेवढीच. बाकीचे सगळे एका खिशातून दुसऱ्या खिशात गेले होते. पुढे दरांचे पारडे फिरले, काही गटांसाठी टाटाचे दर महाग पडू लागले, तेव्हा गेलेल्यांपैकी कित्येक जण परतले. तेव्हाही केबल तीच होती.

याच्या उलट गंमत शहर भागात आहे. ‘बेस्ट’च्या हद्दीतही टाटांचा परवाना चालतो, पण ‘बेस्ट’ ही स्थानिक स्वराज्य संस्थेची असल्यामुळे तिच्या तारा दुसऱ्याला वापरू देण्याची सक्ती तिच्यावर नाही. तिथे ग्राहकाला टाटाची वीज हवी असेल तर टाटांनी स्वतःची केबल न्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केले. म्हणजे माहीमची खाडी ओलांडली की एकाच कायद्याचे दोन अर्थ होतात. खुद्द नियामक आयोगाचे कार्यालय कफ परेडला, म्हणजे ‘बेस्ट’च्या हद्दीत आहे. उपनगरांतल्या आम्हा लोकांच्या निवडीचे नियम जिथे बसून लिहिले गेले, तिथे ती निवड नाही.

इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या माझ्या भाच्याशी हे बोलणे झाले तेव्हा त्याला आमच्या व्यवस्थेतली एकच गोष्ट विचित्र वाटली आणि ती नेमकी वर्मावरची होती. ‘मामा, तारेचा मालकच वीज विकतो?’ त्याच्याकडे तसे नाही. तिथे रस्त्यातल्या केबली प्रदेशवार वेगळ्या कंपन्यांकडे असतात आणि घराला बिल पाठवणारी कंपनी त्याहून वेगळी. ग्राहकाने विक्रेता कितीही वेळा बदलला तरी तारेचे भाडे बदलत नाही. आमच्याकडे दोन दुकानदारांपैकी एक जण रस्त्याचाही मालक आहे. त्यामुळे टोल किती असावा, खड्डा कोणी बुजवावा, नवे गिऱ्हाईक कोणाच्या बाजूने यावे, यातल्या प्रत्येक गोष्टीत त्याचा हितसंबंध गुंतलेला असतो आणि दर वेळी आयोगाला मध्ये पडावे लागते. मुंबईतल्या निम्म्याअधिक कज्ज्यांचे मूळ इथेच आहे, असे माझे मत झाले आहे.

पण तिथली वेगळी व्यवस्थाही फुकट नाही. २०२१ च्या शरद ऋतूत गॅसचे घाऊक भाव भडकले आणि स्वस्त दर देऊन ग्राहक गोळा केलेल्या पंचवीसहून अधिक वीजविक्रेत्या कंपन्या बुडाल्या. भाच्याचीही बुडाली. त्याच्या घरातला दिवा मात्र लुकलुकलासुद्धा नाही. नियामक संस्थेने त्याचे खाते दुसऱ्या कंपनीला जोडून दिले. बुडालेल्यांच्या ग्राहकांना सामावून घेण्याचा खर्च मात्र नंतर देशातल्या सगळ्या घरांच्या बिलांवर वाटला गेला, तोही तारेच्या आकारातून. विक्रेता बुडू शकतो आणि तार बुडू शकत नाही, तेव्हा बुडीत रक्कम अखेरीस तारेवर येऊन बसते. मुंबईत आणि लंडनमध्ये व्यवस्था वेगळ्या असूनही उरलेले ओझे एकाच ठिकाणी साचते, हे पाहून मी चकित झालो होतो.

आता हा प्रश्न मुंबईबाहेर निघाला आहे. २०२२ च्या अखेरीस अदानी समूहाच्या एका कंपनीने भांडुप-मुलुंड, ठाणे, नवी मुंबई, पनवेल या महावितरणच्या पट्ट्यात समांतर परवान्यासाठी अर्ज केला आणि ४ जानेवारी २०२३ ला राज्यातल्या वीज कंपन्यांचे कर्मचारी संपावर गेले. तीन दिवसांचा संप होता. तत्कालीन उपमुख्यमंत्र्यांशी चर्चा झाल्यावर तो त्याच दिवशी मागे घेतला गेला. खासगी कंपनी म्हणजे वाईट आणि सरकारी म्हणजे आपली, अशी मांडणी तेव्हा जिकडेतिकडे झाली. तीत मला रस नाही. मला दिसतो तो महावितरणचा ताळेबंद. तिच्या सुमारे तीन कोटी ग्राहकांत लाखो कृषिपंप आहेत, विदर्भ-मराठवाड्यातल्या वाड्या आहेत, आणि त्यांच्यापर्यंत जाणारी तार लांब असून तिच्यावरचा वापर थोडा आहे. तो खर्च काही प्रमाणात सरकारचे अनुदान भरून काढते आणि काही प्रमाणात ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांसारखे जास्त दर देणारे ग्राहक. समांतर परवाना मागितला जातो तो नेमका अशा पट्ट्यांत, गडचिरोलीत नाही. गोरेगावातल्या मोठ्या बिलाच्या ग्राहकाने कंपनी बदलली तेव्हा ओझे शेजारच्या चाळीवर पडत होते. इथे ते चारशे-पाचशे किलोमीटरवरच्या शेतावर पडेल आणि ज्याच्यावर पडेल त्याला ते कोणामुळे पडले हे कळणारही नाही.

ऑगस्ट २०२२ मध्ये लोकसभेत मांडल्या गेलेल्या वीज कायदा दुरुस्ती विधेयकाने या दोन्ही गाठींना हात घातला होता. एक, दुसऱ्या पुरवठादाराने स्वतःच्या तारा न टाकता भाडे देऊन असलेल्याच तारा वापराव्यात. मुंबईने तेरा वर्षे चालवून पाहिलेली चेंजओव्हरची पद्धत देशभर न्यायची, असाच त्याचा अर्थ. दोन, एका क्षेत्रात अनेक परवाने दिले गेले की राज्याने क्रॉस सबसिडीसाठी एक समतोल निधी उभारावा. ज्या कंपनीकडे जास्त देणारे ग्राहक गोळा होतील तिने वरकड रक्कम त्या निधीत भरावी आणि जिच्याकडे कमी देणारे उरतील तिला ती मिळावी. विधेयक स्थायी समितीकडे गेले. कागदावर या निधीत मला चूक सापडत नाही. आमच्याकडे आयोगाने अधिभाराच्या ओळीतून जे केले तेच इथे अधिक उघडपणे होते. खजिनदार म्हणून प्रश्न पडतो तो भरण्याच्या तारखेचा. वरकड किती हे पंधरा मिनिटांच्या हिशेबातून आणि महिन्याच्या मीटर रीडिंगमधून निघणार, त्यावर कंपन्या हरकती घेणार, हरकती आयोगाकडे, तिथून अपिलात आणि तिथून दिल्लीला जाणार. शेतावरच्या पंपाला वीज मात्र त्याच दिवशी विकत घेऊन द्यावी लागणार. मधल्या काळात ती रक्कम कोणाच्या वहीत, कोणत्या व्याजाने उभी राहील, हे कोणत्याही निधीच्या नियमांत सर्वांत आधी लिहिले गेले पाहिजे.